पडद्यावरचा रंग, घरातलं पातेलं

सप्टेंबर १९६६मध्ये अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या कॅप्टन कर्कचा सोनेरी पिवळा सदरा लोकांच्या ओळखीचा झाला. पुढे असंख्य चाहत्यांनी तसा सदरा घरी शिवायला घेतला. कुणी पिवळं कापड शोधून आणलं, कुणी पांढरं आणून पिवळ्या रंगात बुडवलं. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी शिवून घेतलेला मूळ सदरा मात्र पिवळा नव्हताच. तो पिवळसर हिरवा होता. कापड होतं व्हेलूर, म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं. स्टुडिओतले प्रखर दिवे, फिल्म आणि लॅबमधलं डेव्हलपिंग यांतून जाता जाता त्यातला हिरवा मागे पडायचा आणि सोनेरी पुढे यायचा. काही भागांत कर्क त्याच रंगाचा, पण वेगळ्या कापडाचा अंगरखा घालतो. तो पडद्यावर हिरवाच दिसतो.

याच मालिकेच्या चाचणी भागाची आणखी एक हकिकत आहे. १९६४मध्ये एका नर्तकीला हिरव्या कातडीची दाखवायचं ठरलं. रंगभूषेची चाचणी चित्रित झाली, फिल्म लॅबमधून धुऊन आली, तर चेहरा नेहमीसारखा माणसाचाच. रंगभूषाकारांनी आणखी गडद हिरवा फासला. पुन्हा तेच. बऱ्याच खटाटोपानंतर उलगडा झाला, की लॅबमधले लोक ही चित्रीकरणातली चूक समजून रंग इमानेइतबारे दुरुस्त करून पाठवत होते.

चित्रपटातल्या कपड्याचा रंग घरी जुळवू पाहणाऱ्याची खरी अडचण इथे दिसते. जो रंग जुळवायचा, तो आहे कुठे? शिवलेल्या कापडात, दिव्याच्या उजेडात, फिल्मवर, की पाहणाऱ्याच्या आठवणीत? गेल्या शंभर वर्षांत हजारो घरांतल्या स्वयंपाकघरांनी या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. ही झुंज हौशी लोकांची असली, तरी तिच्यामागे रसायनशास्त्राचा, कापडधंद्याचा आणि सिनेमाच्या तंत्राचा मोठा इतिहास उभा आहे.

कापड घरी रंगवणं सोपं झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८५६मध्ये लंडनमधल्या अठरा वर्षांच्या विल्यम हेन्री पर्किनने क्विनीन बनवण्याच्या प्रयत्नात चुकून जांभळट रंग शोधला आणि डांबरापासून रंग काढण्याचा उद्योग सुरू झाला. पण घरच्या रंगाईच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं वर्ष १८८४. त्या सुमारास जर्मनीत पॉल ब्योटिगर यांचा ‘काँगो रेड’ बाजारात आला. तोवर सुती कापडाला बहुतेक रंग धरायचे तर आधी तुरटीसारख्या क्षारात कापड भिजवून घ्यावं लागे. हा कारागिराचा मामला होता, कारण क्षाराचं प्रमाण चुकलं की रंग चुकला. काँगो रेडला यातलं काही नको होतं. उकळतं पाणी आणि मूठभर मीठ एवढ्यावर तो थेट सुतात उतरत असे. त्याच्या मागोमाग अशा ‘डायरेक्ट’ रंगांची रांग लागली आणि रंगाऱ्याची भट्टी घरच्या चुलीवर आली.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी वेल्स, रिचर्डसन आणि कंपनीने ‘डायमंड डाइज’ या नावाच्या रंगाच्या पुड्या १८८०च्या दशकात विकायला आणल्या. पुडीची किंमत दहा सेंट. दुकानात या पुड्या ठेवायला कंपनी रंगीत चित्रांची लाकडी कपाटं देत असे. आज ती जुन्या वस्तूंच्या बाजारात मोठ्या किमतीला जातात. त्या काळी गिऱ्हाइकाचा हेतू साधा असे. विटलेला झगा पुन्हा घालण्याजोगा करायचा, थोरलीचा कोट धाकटीला द्यायचा, घरात दुखवटा असेल तर आहे तेच कपडे काळे करायचे. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग अमेरिकेला मिळेनासे झाले, तेव्हा सनबीम केमिकल कंपनीचा ‘रिट’ हा घरगुती रंग पुढे आला. सुरुवातीचा रिट साबणमिश्रित होता, म्हणजे धुणं आणि रंगवणं एकाच पाण्यात. रिटची पुढची युक्ती जास्त दूरदृष्टीची होती. सुताला लागणारा डायरेक्ट रंग आणि लोकर, रेशीम, नायलॉन यांना लागणारा ॲसिड रंग, हे दोन्ही एकाच पुडीत. कापड कशाचं आहे हे ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकाचीही त्यात सोय झाली. यातला जो रंग कापडाला चालत नाही, तो पाण्यात तसाच राहतो आणि मोरीत जातो.

सिनेमाची नक्कल याच काळात सुरू झाली. १९३२मध्ये ‘लेटी लिंटन’ या चित्रपटात जोन क्रॉफर्डने घातलेल्या, फुगीर झालरींच्या बाह्यांच्या झग्याने अमेरिकन बायकांना वेड लावलं. झगा वेशभूषाकार एड्रियन यांनी बेतला होता. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात तशा झग्यांची तडाखेबंद विक्री झाली. ज्यांना दुकानातला परवडत नव्हता, त्यांच्यासाठी त्याच वर्षी काँडे नास्ट प्रकाशनाने ‘हॉलिवूड पॅटर्न’ आणले. पंधरा सेंटच्या पाकिटात कागदी कापणी, वर नटीचा फोटो. मंदीचे दिवस होते, त्यामुळे ही पाकिटं घरच्या शिलाई मशीनपर्यंत पोचली. कापणीतून आकार मिळत होता. रंग मात्र मिळत नव्हता, कारण चित्रपट कृष्णधवल होते. नटीने पडद्यावर घातलेला करडा झगा खरा गुलाबी की आकाशी, हे सिनेमासिकातल्या वर्णनावर विश्वास ठेवून मानायचं. त्यामुळे त्या पिढीने जे रंगवलं, ते बहुतेक आपापल्या मनाने.

मग पडदा रंगीत झाला, आणि गोष्ट सोपी होण्याऐवजी अवघड झाली.

टेक्निकलरची तीन पट्ट्यांची पद्धत १९३२मध्ये डिस्नेच्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या छोट्या व्यंगपटात वापरली गेली आणि १९३५च्या ‘बेकी शार्प’मध्ये पहिल्यांदा पूर्ण लांबीच्या चित्रपटात आली. कॅमेऱ्यात लोलक बसवून उजेड फोडला जाई आणि तीन वेगवेगळ्या निगेटिव्हवर नोंदला जाई. खरी मौज पुढच्या टप्प्यात आहे. या निगेटिव्हवरून जिलेटिनचे तीन साचे बनत. एक साचा पिवळ्या रंगाच्या द्रावात, दुसरा किरमिजीत, तिसरा निळसर हिरव्यात भिजवायचा आणि एकामागून एक कोऱ्या फिल्मवर दाबायचा. साच्यातला रंग फिल्मच्या जिलेटिनमध्ये शोषला जाई. हे रंग ॲसिड रंगांच्या जातीचे होते. लोकर, रेशीम, जिलेटिन ही तिन्ही प्रथिनं, म्हणून हीच जात रेशमाच्या साडीलाही धरते. म्हणजे रेशमी पोशाख एकदा स्टुडिओच्या रंगशाळेत रंगत होता आणि त्याचं चित्र पुन्हा एकदा टेक्निकलरच्या कारखान्यात रंगत होतं. प्रेक्षकाला दिसे तो दुसऱ्या रंगाईचा रंग.

या दोन रंगायांचा मेळ घालायला टेक्निकलर कंपनीने स्वतःची सल्लागार नेमली होती, नॅटली कालमस. स्टुडिओला कॅमेरा भाड्याने घ्यायचा तर या बाईंचा सल्लाही घ्यावाच लागे. कुठल्या पात्राला कोणता रंग, भिंतीवर कोणता, पडद्याला कोणता, सगळ्यांत त्यांचा शब्द असे. पांढऱ्याशी त्यांचं विशेष वाकडं. झगझगीत आर्क दिव्यांखाली शुभ्र कापड डोळ्यांत घुसतं आणि आजूबाजूचे रंग खाऊन टाकतं, म्हणून पडद्यावर ‘पांढरे’ दिसणारे कपडे प्रत्यक्षात फिकट करड्या, निळसर किंवा चहात बुडवून काढल्यासारख्या रंगात रंगवलेले असत.

१९३९च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण आहे. नायिका डोरोथीच्या निळ्या चौकड्यांच्या झग्याखालचा पांढरा ब्लाउज खरं तर फिकट गुलाबी आहे. तिचे लाल चमकते बूट फ्रँक बॉम यांच्या १९००च्या मूळ पुस्तकात चांदीचे होते. रंगीत पडद्यासाठी ते लाल झाले. पण भडक लाल टिकल्या टेक्निकलरमध्ये नारिंगी दिसल्या असत्या, म्हणून बुटांना गडद, डाळिंबीकडे झुकणाऱ्या लाल टिकल्या लावल्या. आता कुणी पडदा पाहून भडक लाल बूट बनवले, तर ते पडद्याशी प्रामाणिक असतील, बुटांशी नाही. आणि गडद लाल बनवले, तर लोक म्हणतील, हे डोरोथीचे नव्हेत.

त्याच चित्रपटातला दरवाज्याचा प्रसंग तर रंगाऱ्यांनी मुद्दाम थांबवून पाहावा असा आहे. वादळाने उडालेलं घर जमिनीवर आदळतं. तोवर सगळं तपकिरी. डोरोथी दार उघडते आणि बाहेर रंगीत दुनिया. हे एकाच शॉटमध्ये घडतं. दिग्दर्शकाने तपकिरी फिल्म आणि रंगीत फिल्म जोडलेली नाही. सगळा शॉट रंगीत फिल्मवरच घेतला आहे. घराच्या आतला भाग तपकिरी छटांमध्ये रंगवून घेतला, आणि डोरोथी झालेल्या ज्युडी गार्लंडच्या जागी उभी राहिलेली बाई तपकिरी छटांचा झगा घालून पाठमोरी दार उघडते. ती बाजूला सरकते आणि निळ्या झग्यातली खरी ज्युडी आत शिरते. म्हणजे फिल्मचा रंग जुळवायला कापड रंगवण्याचं काम स्टुडिओनेच केलं होतं. चाहत्यांनी पुढे जे केलं, त्याचा पहिला धडा खुद्द हॉलिवूडने गिरवला. ऑझच्या नगरातला क्षणाक्षणाला रंग बदलणारा घोडाही असाच. वेगवेगळ्या घोड्यांच्या अंगावर जेलीची रंगीत पूड फासली होती, आणि गोड लागते म्हणून घोडे ती चाटत सुटले होते.

हा चित्रपट ऑगस्ट १९३९मध्ये झळकला. त्याच्या महिनाभर आधी, जुलैच्या सुरुवातीला, न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. लॉस एंजेलिसहून फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस तिथे भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून गेले. कपडे डग्लसबाईंनी शिवले होते, आणि त्यांच्यामागची प्रेरणा होती मासिकांची मुखपृष्ठं आणि १९३६चा ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट. पात्राचा वेश करून संमेलनाला जाण्याची आजची जगभरची प्रथा सुरू झाली ती इथून, असं तिचे अभ्यासक मानतात. ‘कॉस्प्ले’ हे नाव तिला चाळीसेक वर्षांनी जपानात मिळालं. ‘थिंग्ज टू कम’ कृष्णधवल होता, त्यामुळे डग्लसबाईंना पडद्याचा रंग जुळवण्याची चिंता नव्हती. त्यानंतर आलेल्यांना ती सुटली नाही.

ब्रिटनमध्ये या हौसेला गरजेची धार होती. १ जून १९४१पासून तिथे कपड्यांचं रेशनिंग आलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. सरकारच जुनं दुरुस्त करून वापरा असा प्रचार करत होतं. त्याच काळात लंडनमध्ये ‘गॉन विथ द विंड’ वर्षानुवर्षं ठाण मांडून होता, आणि त्यात नायिका स्कार्लेट मखमली पडदे उतरवून त्यांचा हिरवा झगा शिवते. कुपनांवर जगणाऱ्या प्रेक्षक बायकांना हा प्रसंग किती जवळचा वाटला असेल! युद्धानंतर लगेच, १९४६मध्ये, ‘डायलॉन’ हा घरगुती रंग ब्रिटिश दुकानांत आला. कपड्यांचं रेशनिंग १९४९पर्यंत चाललं, त्यामुळे नवा कपडा मिळेना आणि नवा रंग मात्र मिळतो, अशी स्थिती होती. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या ब्रिटिश स्त्री-प्रेक्षकांच्या आठवणी जॅकी स्टेसी यांनी १९९४च्या ‘स्टार गेझिंग’ या पुस्तकात गोळा केल्या आहेत. आवडत्या नटीसारखे केस वळवणं, तसा कपडा मिळवणं, त्यासाठी घरात खटपट करणं याला त्या बायकांच्या आयुष्यात किती जागा होती, हे त्यातून कळतं. या खटपटीला उथळ म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक वाचावं.

तंत्राच्या बाजूने पुढची मोठी उडी १९५४ची. आयसीआय कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या दोघांनी सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग शोधला. १९५६मध्ये तो ‘प्रोसियॉन’ या नावाने विकायला आला. डायरेक्ट रंग धाग्याला नुसता बिलगून बसतो, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडा सुटतो. हा रंग धाग्याचा भागच होतो. उकळायचीही गरज नाही. थंड किंवा कोमट पाणी, मीठ आणि धुण्याचा सोडा एवढं पुरतं. साठच्या दशकाच्या शेवटी बांधणीसारखे गाठी मारून रंगवलेले टी-शर्ट अमेरिकेत लाटेसारखे आले. त्या वेळी मागे पडत चाललेल्या रिटला नवं आयुष्य मिळालं, आणि हा नवा थंड रंगही घराघरांत पोचला. पुढे ज्यांनी सिनेमातले पोशाख गंभीरपणे उतरवायला घेतले, त्यांचा पहिला हात याच रंगावर बसला.

१९८२च्या ‘स्टार ट्रेक : द रॅथ ऑफ खान’ची कथा या सगळ्यांत वेगळी आहे, कारण तिथे पडद्यावरचा प्रसिद्ध रंग रंगाच्या पातेल्यातूनच ठरला. १९७९च्या पहिल्या चित्रपटातले गणवेश फिकट होते आणि दुसऱ्या चित्रपटाला पैसे कमी होते. वेशभूषाकार रॉबर्ट फ्लेचर यांनी उरलेले जुने गणवेश रंगवून पाहिले. त्या कापडावर तीनच रंग नीट बसले : निळसर करडा, सोनेरी आणि गडद लाल. यानाच्या फिकट भिंतींपुढे गडद लाल उठून दिसतो, म्हणून तो निवडला. पुढची कित्येक वर्षं या मालिकेतल्या चित्रपटांत अधिकाऱ्यांच्या अंगावर तोच लाल राहिला. चाहते आजही त्याच लालसाठी नमुन्यांवर नमुने रंगवतात. जुन्या कापडाने जो रंग स्वीकारला, त्या रंगाची ही परंपरा आहे.

घरी रंगवणाऱ्याचं काम नेमकं कसं चालतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी कापड कोरडं असताना वजन करायचं, कारण रंगाचं प्रमाण वजनावर ठरतं, मापावर नाही. मग कापड धुऊन त्याची खळ काढायची. खळ राहिली की रंग डाग डाग धरतो. रंगाची पूड वाटीभर गरम पाण्यात कालवून फडक्यातून गाळायची. एक न विरघळलेला कण कापडावर बसला, तर तिथे ठिपका उमटतो आणि तो जात नाही. पातेलं असं मोठं हवं, की कापड त्यात मोकळं फिरलं पाहिजे. पहिली दहा मिनिटं हात थांबवायचा नाही. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, वाळल्यावर एक छटा उतरते. म्हणून नमुन्याचा तुकडा रंगवून, वाळवून, इस्त्री करून, दाराशी दिवसाच्या उजेडात धरून पाहायचा. मगच खरा कपडा आत टाकायचा. इतकं करून एक गोष्ट हमखास राहते. शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते, आणि सुताचा रंग पॉलिएस्टर घेत नाही. सदरा सुरेख शेवाळी होतो आणि त्यावरच्या टिपा पांढऱ्याशुभ्र राहतात. पडद्यावर त्या टिपा शेवाळीच असतात, कारण स्टुडिओत बहुतेक वेळा कापड आधी रंगवतात आणि मग जुळत्या दोऱ्याने शिवतात.

दिवसाच्या उजेडाचा आग्रह उगीच नाही. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवली असतील, तर ती खिडकीपाशी अगदी एक दिसतात आणि बल्बखाली भांडतात. साडीवर ब्लाउजपीस जुळवायला गेलेली प्रत्येक बाई दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन तुकडा पाहते, ते याच अनुभवामुळे.

महाराष्ट्रात पोशाखाची नक्कल सिनेमाच्या आधीपासून आहे. बालगंधर्वांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. रंगाई हा मात्र इथे पिढीजात धंदा होता. पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या भाऊसाहेब रंगारींचं मूळ आडनाव जावळे. घरात कापड रंगवण्याचा व्यवसाय, म्हणून रंगारी म्हटले गेले. रंगीत सिनेमाचा पहिला भारतीय प्रयत्नही मराठी मुलखातला. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३३मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करायला घेतला. व्ही. शांताराम फिल्म घेऊन जर्मनीला गेले, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. ज्या जर्मनीने घरगुती रंगाईला थेट रंग दिले, त्याच जर्मनीतून हा रंग फसून परत आला. शांतारामांनी हार मानली नाही. १९५५चा ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये आला आणि त्यातल्या रंगांनी लोकांचे डोळे दिपले.

कोल्हापूरचीच आणखी एक मुलगी या गोष्टीत ठळक उभी आहे. भानुमती राजोपाध्ये, पुढच्या भानू अथैय्या. जन्म १९२९चा. जे. जे. कलाशाळेत शिकल्या, प्रोग्रेसिव्ह चित्रकार गटाबरोबर त्यांची चित्रं प्रदर्शनात लागली, ‘ईव्हज वीकली’साठी त्या पोशाखांची रेखाटनं करत. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटिक उघडलं तेव्हा भानूताई कपडे बेतू लागल्या आणि नट्या तिथे यायला लागल्या. १९६८च्या ‘ब्रह्मचारी’मध्ये मुमताजच्या अंगावर जी केशरी, चापूनचोपून शिवलेली साडी आहे, ती त्यांची. साडी आधीच शिवलेली आणि तिला चक्क चेन लावलेली. ती साडी मुमताजच्या नावानेच ओळखली जाऊ लागली, आणि आजही कार्यक्रमांत, स्नेहसंमेलनांत मुली तीच नेसून नाचतात. १९८३मध्ये ‘गांधी’साठी भानूताईंना ऑस्कर मिळालं, हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ते त्यांनी ज्यांच्यासोबत वाटून घेतलं ते जॉन मोलो, ‘स्टार वॉर्स’चे वेशभूषाकार. ज्यांच्या पोशाखांचे तपकिरी आणि मातकट रंग जुळवण्यासाठी जगभरातले चाहते चहाची पूड आणि रंगाच्या बाटल्या घेऊन बसतात, ते हेच मोलो.

मुमताजची ती साडी घरी उतरवायची, तर त्या काळच्या मराठी घरात काय हाताशी होतं? किराणा दुकानात मिळणारी रंगाची पुडी, म्हणजे तोच जुना डायरेक्ट रंग. वलसाडजवळच्या अतुल कारखान्याचं उद्घाटन १९५२मध्ये पंडित नेहरूंनी केलं होतं, त्यामुळे रंग देशातच बनू लागला होता. पातेलं, मीठ आणि लाकडी दांडा घरचाच. पण कापड बदलत होतं. ठाण्यात साठच्या दशकात पॉलिएस्टर धाग्याचं उत्पादन सुरू झालं आणि टेरिलिन, टेरीकॉट घरोघरी पोचलं. पुडीतला रंग टेरीकॉटमधलं सूत तेवढं घेई आणि उरलेला धागा कोरा राही. केशरी टाकावं तर फिकट अबोली हाती येई. पॉलिएस्टरला ‘डिस्पर्स’ जातीचा रंग आणि कडक उकळी लागते, आणि तो पुडीत नव्हता. ज्या घरात जुनी सुती साडी होती, त्या घराचं काम जास्त चांगलं झालं.

पडद्यावरचा रंगही तोवर स्थिर राहिला नव्हता. १९५०मध्ये कोडॅकने ईस्टमनकलर आणलं. ते टेक्निकलरपेक्षा स्वस्त आणि सोपं, म्हणून भारतीय चित्रपटांच्या पोस्टरवर ‘ईस्टमनकलर’ हा शब्द अभिमानाने छापला जाई. पण त्या फिल्ममधला निळसर हिरवा रंग सगळ्यांत आधी मरत असे. काही वर्षांत प्रिंट गुलाबट, मग लालसर होई. शहरात चालून झालेल्या जुन्या प्रिंटा तंबू-टॉकीजमध्ये गावोगाव फिरत, आणि तिथल्या प्रेक्षकाने पाहिलेला नायिकेचा मोरपंखी पदर वेगळाच असे. टेक्निकलरच्या रंगवलेल्या प्रिंटा मात्र अजून तशाच आहेत. मूळ कपडे वाचले, तर त्यांचाही भरवसा नाही. स्मिथसोनियन संग्रहालयातल्या डोरोथीच्या बुटांच्या टिकल्या जिलेटिनच्या, वर सेल्युलोज नायट्रेटचा लाल थर. उजेडाने हा लाल उडतो. २०१६मध्ये त्यांच्या जतनासाठी लोकांकडून ३ लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमली, आणि बूट आता मंद उजेडात ठेवतात.

२०००मध्ये कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ने आणखी एक दार उघडलं. मिसिसिपीतल्या हिरव्यागार उन्हाळ्याला छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी संगणकावर वाळक्या पिवळ्या रंगात बदललं. संपूर्ण चित्रपटाचे रंग संगणकावर ठरवण्याची पद्धत तिथून रूढ झाली. आता ‘द मेट्रिक्स’च्या जुन्या प्रती आणि नंतरचा ब्लू-रे यांत हिरवटपणा वेगळा दिसतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाचा २०११चा ब्लू-रे आला, तेव्हा सगळं चित्र हिरवट का झालं यावर चाहत्यांनी रान उठवलं. त्यात झगा आणि अंगरखा रंगवून बसलेल्यांचा आवाज मोठा असणं साहजिक होतं. ‘ॲटोनमेंट’ (२००७) मधला किरा नाइटलीचा हिरवा झगा बनवताना वेशभूषाकार जॅकलीन ड्युरन यांनी रेशीम खास रंगवून घेतलं, कारण हवा तो हिरवा बाजारात नव्हता. तोच हिरवा आता प्रत्येक टीव्हीवर वेगळा दिसतो.

‘मुघल-ए-आझम’ची गोष्ट याहून पुढची. १९६०मध्ये शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडचा काही भाग टेक्निकलरमध्ये होता, बाकी चित्रपट कृष्णधवल. २००४मध्ये तो संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला. शीशमहालातला अनारकलीचा पोशाख चित्रीकरणाच्या वेळीच रंगीत फिल्मवर उतरलेला आहे. त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या एखाद्या प्रसंगातल्या दुपट्ट्याचा रंग मात्र चव्वेचाळीस वर्षांनी संगणकापुढे बसलेल्या माणसांनी ठरवला. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच खरे दिसतात, आणि लग्नसराईत दोन्हींची मागणी येते. मोबाइलवर त्यातलं एखादं चित्र दाखवून तस्साच रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला रंगारी चित्रपटाचं नाव विचारत नाही. तो दुपट्ट्याचं टोक चिमटीत धरतो आणि आधी एवढंच विचारतो, की कापड सुती आहे, शिफॉन आहे, की पॉलिएस्टर.